उताऱ्यात नसलेलं वाक्य : नववी 'ब'च्या सारांशलेखनाच्या नोंदी

३० जून २०२५, सोमवार

शाळा उघडून आठवडा झाला. आज नववी 'ब'ला पहिला उतारा दिला, काहीही न शिकवता. पटावर एक्केचाळीस, हजर एकोणचाळीस. सूचना एवढीच की एक तृतीयांश सारांश लिहा, स्वतःच्या शब्दांत.

हे काम का अंगावर घेतलं ते आधी लिहून ठेवते, म्हणजे सप्टेंबरात कंटाळा आला की वाचता येईल. दहावीच्या मराठी कुमारभारतीच्या कृतिपत्रिकेत उपयोजित लेखनाला सहा गुणांसाठी दोन पर्याय असतात : पत्र लिहा, नाहीतर गद्य विभागातल्या अपठित उताऱ्याचा एक तृतीयांश सारांश लिहा. आमची पोरं डोळे मिटून पत्राकडे जातात. पत्राला साचा आहे. दिनांक, प्रति, विषय, महोदय, आपला कृपाभिलाषी. साच्याचे गुण तर कुठे जात नाहीत. सारांशाला साचा नाही, आणि आम्ही तो शिकवतही नाही. 'महत्त्वाचे मुद्दे घ्या, फापटपसारा टाळा' एवढं बोललं की तास पुढे सरकतो. महत्त्वाचा मुद्दा ओळखायचा कसा हे मला शाळेत कुणी सांगितलं नव्हतं, मीही कुणाला सांगितलं नाही. नोकरीला सोळा वर्षं झाली.

उतारा मीच लिहिला. पुस्तकातला दिला की गाईडातला सारांश जसाच्या तसा वहीत उतरतो.

'नागपूरची संत्री वर्षातून दोनदा बाजारात येतात. जानेवारी-फेब्रुवारीत झाडाला फुलं आली तर ती फळं दिवाळीच्या आगेमागे तयार होतात. याला आंबिया बहार म्हणतात. पावसाळ्याच्या सुरुवातीला आलेल्या फुलांची फळं फेब्रुवारी-मार्चमध्ये निघतात, तो मृग बहार. मृगाचं फळ जास्त गोड असतं. एकाच झाडावर दोन्ही बहार धरले तर झाड थकतं. म्हणून शेतकरी एकच बहार धरतो आणि त्याआधी काही आठवडे बागेचं पाणी तोडतो. पाणी तोडलं की पानं मलूल होतात, काही गळतात. मग पुन्हा पाणी दिलं की झाड फुलांनी भरून जातं.'

३ जुलै, गुरुवार

पेपर वाचले. तीन रात्री गेल्या.

पेपरांवर एक गंमत दिसली. उताऱ्यातल्या प्रत्येक शब्दाच्या डोक्यावर पेन्सिलीचे बारीक ठिपके. पोरांनी आधी शब्द मोजले, तीनने भागलं आणि तेवढे शब्द झाले की पेन खाली ठेवलं. तिसऱ्या बाकावरच्या मुलीचा सारांश असा :

'नागपूरची संत्री वर्षातून दोनदा येतात. जानेवारी-फेब्रुवारीत फुलं आली तर आंबिया बहार. पावसाळ्याच्या सुरुवातीला आलेल्या फुलांचा मृग बहार. मृगाचं फळ गोड असतं.'

अक्षर मोत्यासारखं, एकही चूक नाही. पण तिने काय केलं? उताऱ्याच्या तोंडापासून सुरुवात केली, मधले काही शब्द खोडले आणि कोटा भरला तिथे थांबली. पाण्याची गोष्ट तिच्या हिशेबात पोचलीच नाही. एकोणचाळीसपैकी फक्त चौघांकडे पाणी तोडण्याचा उल्लेख आहे, आणि त्यातल्या दोघांनी शेवटून सुरुवात केली म्हणून तो आला असावा अशी मला शंका आहे.

गुण द्यायचे असते तर मागच्या वर्षीपर्यंत मी हिला सहापैकी चार दिले असते. हे इथे लिहिताना बरं वाटत नाही.

१० जुलै, गुरुवार

काल पावसाची सुट्टी. आज अर्धा वर्ग. छप्पर गळतं त्या कोपऱ्यातले बाक सरकवण्यात पाव तास गेला. सारांश राहिला.

१४ जुलै, सोमवार

आज उतारा नाही. फक्त याद्या. पाच-सहा गोष्टी फळ्यावर लिहायच्या आणि सगळ्यांना पोटात घेणारा एक शब्द शोधायचा. मला वाटलं होतं दहा मिनिटांत उरकेल. पूर्ण तास गेला आणि वर्षातला सगळ्यात चांगला तास ठरला.

काटोल, नरखेड, वरूड, मोर्शी. 'गावं.' 'तालुके.' मग एकीने 'विदर्भ' म्हटलं. मागून एकजण, 'विदर्भात तर गडचिरोली पण येते, तिथं कुठं संत्रे आहेत?' ज्याचे मामा काटोलचे, त्याने शेवटी 'संत्र्याचा पट्टा' म्हटलं. फार मोठा शब्द घेतला तर नको ते आत शिरतं, फार छोटा घेतला तर हवं ते बाहेर राहतं, हे त्यांचं त्यांनाच कळलं. मी खडू हातात धरून नुसती उभी होते.

संत्री, मोसंबी, लिंबू. इथे 'आंबट फळं' आणि 'लिंबूवर्गीय' यांच्यात जुंपली. मोसंबी कुठे आंबट असते? मग एकजण, 'चिंच आंबट आहे, ती पण घालायची काय?' लिंबूवर्गीय जिंकलं.

मिरची, धने, हळद, जिरं. पोरी म्हणाल्या मसाले. दरवाज्याजवळच्या बाकावरचा एक मुलगा, ज्याचे बाबा कळमना मार्केटात हमाली करतात, तो म्हणाला, 'माल.' सगळे हसले. मी त्याला विचारलं, का रे? तर म्हणे, 'बाबा घरी आले की आम्ही विचारतो, आज काय होतं? ते सांगतात, माल जास्त होता. मिरची की धने ते नाही सांगत. पाठीवर तर पोतंच असते न.' हसणं थांबलं. कुणासाठी सांगतोय त्यावर शब्द ठरतो हे मी पुढे कधीतरी शिकवणार होते. त्याने आजच शिकवून टाकलं.

१८ जुलै, शुक्रवार

घोडचूक केली. संत्र्याच्या उताऱ्याचा माझा स्वतःचा सारांश 'नमुना' म्हणून फळ्यावर लिहिला. म्हटलं, पाहू द्या कसा दिसतो. वर्गात एकदम शांतता, सगळ्यांच्या माना खाली आणि पेनं चालू. पुसायच्या आत एक्केचाळीस वह्यांत उतरला होता. त्यावर लाल पेनाने चौकटी झाल्या. शेवटी घड्या घालून कंपासपेटीत ठेवायला एकाने कागदाच्या तीन प्रतीही काढल्या, दोन मित्रांसाठी.

पालकांपैकी एकांचा दुपारी फोन आला होता. त्यांचं म्हणणं, गाईडात तयार सारांश असतात, मॅडम, तुम्ही कशाला एवढा जीव काढता. सकाळी मी स्वतःच गाईड झाले होते, त्यामुळे त्यांना फार काही बोलता आलं नाही.

२४ जुलै, गुरुवार

३० जूनच्या पेपरांतले दहा नावं झाकून झेरॉक्स केले. एक संच मी तपासला, एक दुसऱ्या तुकडीच्या मराठीच्या मॅडमनी. दोघींनीही सहापैकी गुण द्यायचे, बोलायचं नाही.

फरक पाहून दोघी गप्प झालो. तिसऱ्या बाकावरच्या मुलीला त्यांनी पाच दिले, मी दोन. ज्या पोराने 'शेतकरी झाडाला तहानलेलं ठेवते मग पाणी देते मग फुलं येते' असं लिहिलं, त्याला मी चार दिले, त्यांनी दीड. कारण विचारलं तर म्हणाल्या, 'अहो, क्रियापदं बघा. आणि तहानलेलं हा शब्द उताऱ्यात आहे कुठे? उत्तरसूचीत मुद्दे असतात, ते आले की गुण. नाही आले तर मी बोर्डाला काय सांगू?' त्या बारा वर्षं बोर्डाचे पेपर तपासतात. त्यांचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही.

तरी 'तहानलेलं' माझ्या डोक्यातून जात नाही.

१ ऑगस्ट, शुक्रवार

अर्धा वर्ग व्हरांड्यात, अर्धा आत. आतल्यांनी उतारा दोनदा वाचायचा, कागद पालथा ठेवायचा, मग बाहेरचा जोडीदार आत येईल त्याला तोंडी सांगायचं. त्याने तो उतारा पाहिलेला नाही, त्याला समजलं पाहिजे. मग अदलाबदल.

गोंगाट इतका की मुख्याध्यापिका मॅडम येऊन दारात उभ्या राहिल्या. मी खुणेने दहा मिनिटं मागितली.

मी बाकांमधून फिरत ऐकत होते. बोलताना ही पोरं किती छान सारांश करतात! 'अबे सोड न ते महिने. गोष्ट अशी आहे की...' असं म्हणून थेट गाभ्याला हात. ज्यांच्या वहीत उताऱ्याचे तुकडे असतात त्यांच्या तोंडात स्वतःची वाक्यं. मला वाटलं, जमलं. लगेच म्हटलं, आता जे सांगितलं तेच लिहा.

कागद सुलटे झाले, पेन्सिली निघाल्या, ठिपके सुरू.

११ ऑगस्ट, सोमवार

२३ सप्टेंबर २०२३च्या पहाटे नागपुरात आलेल्या पुराचा उतारा घेतला. चार तासांत शंभर मिलीमीटरहून जास्त पाऊस, अंबाझरी तलाव सांडव्यावरून ओसंडला, नाग नदीने पात्र सोडलं, झोपेतल्या लोकांच्या घरांत पाणी शिरलं. नदीपात्राशेजारच्या बांधकामांमुळे आणि अरुंद झालेल्या प्रवाहामुळे पाण्याला वाट मिळाली नाही, असा शेवट मी केला होता. मुद्दाम आपल्या गावचं, पोरांच्या आठवणीतलं घेतलं. तेव्हा ही पोरं सातवीत होती.

खिडकीजवळच्या मुलीने दीड पान लिहिलं. तिचं घर नाग नदीच्या काठच्या वस्तीत आहे. गहू भिजला, टीव्ही गेला, आजीला खांद्यावर घेऊन शेजारच्या दुमजली घरात नेलं, तीन दिवस चूल नाही. वाचताना घशात आलं. पण तो सारांश नव्हता. उताऱ्यातलं त्यात एकच वाक्य होतं.

काय लिहू खाली? 'विषयांतर' लिहवेना. मी तिला मधल्या सुट्टीत बोलावलं. म्हटलं, हे फार चांगलं लिहिलंस, हे वेगळ्या पानावर ठेव, त्याला हात लावू नको. आता तुझ्या पुण्याच्या मावशीला उताऱ्यात काय आहे तेवढंच सांगायचं. तुझ्या घरचं तिला माहीतच आहे. तिने विचार केला आणि म्हणाली, 'मग मॅडम, उतारा तर म्हणते की पाऊस नाही, नदीची जागाच नाही उरली म्हणून पूर आला.'

हे वाक्य उताऱ्यात नाही. पण उतारा अगदी तेच म्हणतो.

मी म्हटलं, लिही की. तिने नाही लिहिलं. का नाही, हे मी तेव्हा विचारायला हवं होतं.

१९ ऑगस्ट, मंगळवार

आज विचारलं. तिला नाही, दरवाज्याजवळच्या मुलाला.

संत्र्याचा उतारा पुन्हा काढला होता. तोंडी विचारलं, एका वाक्यात सांग. तो पटकन म्हणाला, 'म्हणजे संत्रं कधी पाह्यजे ते शेतकरीच ठरवते न, पाणी तोडून.' मी जवळजवळ टाळी वाजवली. लिही म्हटलं. त्याने लिहिलं : 'नागपूरची संत्री वर्षातून दोनदा बाजारात येतात.'

'अरे, आत्ता बोललास ते का नाही लिहिलं?'

'ते उताऱ्यात नाही न, मॅडम.'

'मग?'

'मग ते मनचं झालं. मनचं लिहिलं तर गुण कापते.'

आजूबाजूच्या सगळ्या माना हलल्या. होय, होय. मनचं लिहायचं नसतं.

मी माझा उतारा पुन्हा वाचला. खरंच, 'बहार कोणता घ्यायचा हे शेतकरी पाणी तोडून ठरवतो' असं सरळ वाक्य त्यात कुठेच नाही. मीच लिहिला होता तरी आज लक्षात आलं. आणि मी पोरांना गेला दीड महिना 'महत्त्वाच्या वाक्याखाली रेघ मारा' सांगत होते. जे वाक्य तिथे नाहीच, त्याच्याखाली रेघ मारणार कशी?

हे भित्रेपण आम्हीच पेरलंय. लहान इयत्तेपासून पोरांना उताऱ्यावर काय विचारतो? चौकटी पूर्ण करा. आकृतिबंध पूर्ण करा. योग्य पर्याय निवडा. उत्तर उताऱ्यात आहे, शोधा, उचला, भरा. बाहेरचं चालणार नाही. 'स्वमत' नावाची खोली वेगळी, तिथे जाऊन मनचं बोला. इतकी वर्षं हे शिस्तीने शिकलेलं पोर नववीत सारांश लिहायला बसतं तेव्हा प्रामाणिकपणेच शोधतं, उचलतं, भरतं. आळस नाही तो. आज्ञाधारकपणा आहे.

जुनी झेरॉक्स काढून पुन्हा वाचली. ॲन ब्राऊन आणि जीन डे या दोघींनी १९८३ साली सारांश करताना माणूस काय काय करतो याचे नियम मांडले : बिनकामाचं गाळणं, पुन्हा पुन्हा आलेलं गाळणं, यादीऐवजी एक शब्द ठेवणं, छोट्या छोट्या क्रियांऐवजी एक क्रिया ठेवणं, उताऱ्यात मुख्य वाक्य असेल तर ते निवडणं, आणि नसेल तर ते स्वतः तयार करणं. त्यांना दिसलं ते असं की गाळणं पाचवीतल्या मुलांनाही छान येतं. मुख्य वाक्य स्वतः तयार करणं मात्र सगळ्यात उशिरा येतं, कॉलेजातल्या मुलांनाही ते दर वेळी साधत नाही. मागे वाचलं तेव्हा मी याचा अर्थ 'अवघड कौशल्य' असा घेतला होता. आमच्या वर्गात ते अवघड नाही. दरवाज्याजवळच्या मुलाला ते तोंडी सेकंदात जमलं. आमच्याकडे त्याला मनाई आहे.

२५ ऑगस्ट, सोमवार

शुक्रवारी पोळा, शनिवारी तान्हा पोळा आणि मारबत, म्हणजे ईडा पीडा घालवायला निघणारी पुतळ्यांची मिरवणूक. आज निम्म्या पोरांचे आवाज बसलेले. चांगलंच झालं, मारबतीवरच उतारा तयार ठेवला होता.

उताऱ्यात फक्त वर्णन. १८८१पासून निघणारी काळी मारबत, १८८५पासूनची पिवळी. इतवारीतली गर्दी, नेहरू पुतळ्याजवळ दोघींची भेट. काळीचा संबंध इंग्रजांशी हातमिळवणी केलेल्या, भोसले घराण्यातल्या बांकाबाईशी जोडतात. सोबत दरवर्षी बडगे नावाचे नवे पुतळे : कधी महागाईचा, कधी भ्रष्टाचाराचा, कधी खड्ड्यांचा. 'ईडा पीडा घेऊन जा गे मारबत' हा ओरडा. शेवटी दहन. मुख्य वाक्य मी मुद्दाम कुठेच ठेवलं नाही, आणि तसं पोरांना आधीच सांगून टाकलं. 'यात मेन वाक्य नाही. मी चोरलंय. तुम्ही शोधून द्या.'

मागच्या बाकावरच्या दोघांनी गल्लीत बडगा केला होता. त्यांना पुढे बोलावलं. बडग्याच्या छातीवर काय लिहिलं होतं? 'आमच्या गल्लीतले गड्डे.' मी विचारलं, गल्लीतले सगळे खड्डे लिहिले का? कुठे किती खोल, कोण पडलं? हसले. 'एवढं कुठं मावते पुठ्ठ्यावर?' मग ते चार शब्द कुठून आणले, कुणी छापून दिले होते? 'नाही, आम्हीच ठरवले.' मनचे? दोघं एकमेकांकडे पाहायला लागले. 'मनचे... पण गड्डे तर खरेच आहेत न.'

सगळा वर्ग 'आमच्याकडे बी आहेत' करून ओरडला. मी म्हटलं, झालं, आता या उताऱ्याच्या छातीवर पुठ्ठा लावा.

खूप वाक्यं आली. फळ्यावर सतरा झाली. 'नागपूरचे लोक राग जाळतात.' 'जे नको ते पुतळा करून गावाबाहेर नेतात.' 'मारबत जुनी आहे पण बडगा दरवर्षीच्या त्रासाचा असते.' हे शेवटचं खिडकीजवळच्या मुलीचं. मला सुचलेल्या वाक्यापेक्षा चांगलं. माझं मी फळ्यावर लिहिलं नाही, १८ जुलै आठवून.

पण सतरांमध्ये एक 'मारबत बंद केली पाहिजे कारण प्रदूषण होते' असंही होतं. हेही उताऱ्यात नाही आणि तेही उताऱ्यात नाही. फरक पोरांना कसा दाखवू? तेव्हा सुचलं म्हणून केलं : आपल्या वाक्यावर डावा हात, उताऱ्यावर उजव्या हाताची बोटं. हे वाक्य ज्या ज्या ओळींवर उभं आहे त्या प्रत्येक ओळीवर एक बोट ठेवा. प्रदूषणवाल्याचं एकही बोट टेकेना. 'मारबत १८८१पासून निघते' लिहिणाऱ्याचं एकच टेकलं. बडग्याच्या वाक्यावर चार बोटं टेकली, पाचव्यासाठी ती अंगठा ताणत होती.

एकही बोट नाही, तर ते बाहेरचं. एकच बोट, तर ते उचललेलं. तीन-चार बोटं टेकली तर ते तुझं आणि उताऱ्याचं, दोघांचं.

गणपतीच्या आधी इतका आनंदात तास झाला नव्हता.

४ सप्टेंबर, गुरुवार

पहिल्या बाकावरचा हुशार गडी. त्याने संत्र्याचा उतारा मोबाईलवर घालून सारांश काढून आणला. लपवलं नाही, उलट दाखवायलाच आणला. 'मॅडम, हे तर दोन सेकंदात देते. मग आपण काऊन करून राहिलो?'

चांगला प्रश्न. उत्तर माझ्याकडे नव्हतं, म्हणून ते फळ्यावर लिहायला लावलं आणि म्हटलं, बोटं लावा. भाषा गुळगुळीत, व्याकरण चोख. पहिल्या वाक्यावर एक बोट. दुसऱ्यावर दोन. तिसरं वाक्य : 'नागपूरच्या संत्र्याला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळाले असून ते शहराच्या अभिमानाचे प्रतीक आहे.' बोट टेकेना. कुठेच नाही. पोरं खूश! 'मॅडम, यानं बी मनचं लिहिलं!' मानांकनाची गोष्ट खरी आहे हे मी सांगितलं. दरवाज्याजवळचा म्हणाला, 'खरी असन. पण या उताऱ्यानं ती सांगितली नाही.'

शेतकरी आणि पाण्याचं वाक्य मात्र मशीनकडेही आलं होतं, आणि त्यावर चार बोटं टेकली. तेही सांगून टाकलं, लपवण्यात काही अर्थ नव्हता. पहिल्या बाकाचा प्रश्न तसाच उभा आहे. पण आता तो मोबाईलच्या सारांशालाही बोटं लावतो, हे मी नंतर दोनदा पाहिलं.

१६ सप्टेंबर, मंगळवार

विज्ञानाच्या सरांनी त्यांचा एक तास दिला. 'उपयुक्त आणि उपद्रवी सूक्ष्मजीव' या पाठातला रायझोबिअमचा परिच्छेद : शेंगवर्गीय झाडांच्या मुळांच्या गाठींत राहतो, हवेतल्या नायट्रोजनपासून झाडाला वापरता येईल असं पोषण देतो, बदल्यात झाडाकडून अन्न घेतो, त्यामुळे खताची गरज कमी होते.

एका गटाने लिहिलं, 'झाड आणि जिवाणू एकमेकांचं उधार फेडतात.' सर उखडले. 'उधार? हे काय विज्ञान आहे?' पोरांनी शांतपणे बोटं ठेवली : राहतो, देतो, घेतो. तीन. सर दोन मिनिटं पाहत राहिले. मग म्हणाले, 'उधार काढा, सहजीवन लिहा.' त्यावर एकजण, 'सर, सहजीवन शब्द तर या परिच्छेदात नाही.' स्टाफरूममध्ये येऊन सर म्हणाले, 'तुम्ही माझ्या वर्गाची काय गत करून ठेवली हो?' पण उद्याचाही तास द्यायला तयार आहेत. तिथे 'उधार' बरोबर की 'सहजीवन', यावर माझं मत सरांच्या बाजूनेच आहे. विज्ञानात जो शब्द ठरलाय तो शिकलाच पाहिजे. पण 'उधार'वाले तो आता विसरणार नाहीत.

२६ सप्टेंबर, शुक्रवार

३० जूनसारखाच दुसरा, न शिकवलेला उतारा. शेतातून कापूस जिनिंगला येतो, सरकी वेगळी, रुई वेगळी, रुईच्या गाठी बांधतात, सरकीचं तेल आणि ढेप होते. गाभा असा की कपाशीच्या बोंडातलं काहीच वाया जात नाही. तो कुठेही लिहिलेला नाही.

चाळीस हजर. एकोणिसांनी गाभ्याचं वाक्य स्वतः केलं. आठ जण भलतीकडे गेले : कापसाचा भाव, शेतकऱ्यांचे हाल. ते उताऱ्यात नाही, पण नागपूरच्या पोराच्या डोक्यात कापूस म्हटलं की तेच येणार, त्याला काय करणार. सात जणांचं मधलंच, ना उचललेलं ना तयार केलेलं. सहा जण अजून ठिपके काढतात. त्यांतलीच एक तिसऱ्या बाकावरची मुलगी. मोत्यासारखं अक्षर, एकही चूक नाही. परवा तिला विचारलं तर म्हणाली, 'मला बोटं ठेवता येतात, मॅडम. पण लिहायला भीती वाटते.' तिला शिकवणीतही ठिपकेच शिकवतात, आणि तिथे तिला सहापैकी पाच मिळतात.

नव्या वाक्याची लांबी हा वेगळाच घोळ. गाभा पकडला की पोरं एका ओळीत थांबतात. एक तृतीयांश म्हणजे निदान पंचवीस-तीस शब्द. 'झालं की, मॅडम, सगळं सांगून.' मग त्यांना बोटांच्या ओळींकडे परत पाठवावं लागतं : जी बोटं टेकली त्यांतून अजून काय न्यायचं? हे सत्र संपल्यावर बघेन.

९ ऑक्टोबर, गुरुवार

प्रथम सत्र परीक्षा झाली. पेपर दुसऱ्या तुकडीच्या मॅडमनी तपासायचे, त्यांचे मी. दहावीच्याच धर्तीवर पत्र किंवा सारांश असा पर्याय होता. सतरा जणांनी सारांश घेतला. मागच्या वर्षी माझ्या वर्गातून सत्र परीक्षेत एकानेही घेतला नव्हता.

पेपर हातात आले तर सहा सारांशांवर लाल अक्षरात एकच शेरा : 'उताऱ्यात नाही.' सहापैकी दोन, दोन, दीड. त्यांत दरवाज्याजवळचा आहे, खिडकीजवळची आहे. तिसऱ्या बाकावरच्या मुलीला पाच.

मी ते सहा पेपर आणि उतारा घेऊन स्टाफरूममध्ये गेले. भांडायला नाही, खरंच. म्हटलं, मॅडम, पाच मिनिटं द्या. खिडकीजवळचीचं वाक्य वाचलं, त्यांच्यासमोर उतारा ठेवला आणि बोटं ठेवायला सांगितली. त्यांनी चष्मा काढून पुसला. 'हे काय आता, ज्योतिष?' पण ठेवली. पहिलं. दुसरं. तिसऱ्यासाठी ओळ शोधली, सापडली. चौथ्या ओळीवर जरा थांबल्या, म्हणाल्या, 'ही ओळ तिने नाही घेतली.' मी म्हटलं, घेतलीये, 'म्हणूनच' या शब्दात. त्यांनी पुन्हा वाचलं. बोट ठेवलं, उचललं, परत ठेवलं.

'तुमचं म्हणणं कळतंय मला,' त्या म्हणाल्या. 'पण उद्या बोर्डाचा पेपर दुसऱ्याच कुणाकडे जाईल. तो काय बोटं ठेवत बसणार आहे?'

घंटा झाली, त्यांचा आठवीवर तास होता. सहाही पेपर त्यांनी स्वतःच्या कपाटात ठेवले, किल्ली पर्समध्ये टाकली. 'दिवाळीनंतर बसू. तेवढ्यात तुम्ही माझ्या तुकडीचे दहा तपासा, तुमच्या पद्धतीने. नावं झाकून देते.'